नव्या पर्वाआधी एवढे करा : मराठी वाहिन्यांच्या कार्यक्रमप्रमुखांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख, रिअ‍ॅलिटी शोचे निर्माते आणि क्रिएटिव्ह मंडळी यांस

विषय : प्रेक्षकांच्या बदललेल्या आवडीनुसार शोचा फॉरमॅट बदलण्याबाबत

स. न. वि. वि.

नव्या पर्वाच्या बैठकीत 'ऑडियन्स बदललाय' हे वाक्य कुणीतरी टाकतोच, आणि ते खरेही आहे. पण त्यावर ठरणारे उपाय दरवर्षी तेच असतात. एलईडीची भिंत वाढते, वाइल्ड कार्ड एकाचे तीन होतात, सूत्रसंचालक बदलतो, बक्षिसाचा आकडा फुगतो आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात रेटिंग पुन्हा जिथल्या तिथे येते. फॉरमॅट जरूर बदला. मात्र बदलायचा असेल तर ऑडिशन, आवाजावरची प्रक्रिया, एपिसोडमधली मिनिटांची वाटणी, मतदान आणि पर्वाची लांबी यांना हात घाला. प्रेक्षकाला जे शिळे वाटते ते इथून येते.

आम्ही सोलापुरात कार्यक्रमांना साउंड पुरवणारे, ऑर्केस्ट्रात वाजवणारे, गाणे आणि नाच शिकवणारे, केबलचा धंदा करणारे लोक आहोत. तुमच्या ऑडिशनला जी मुले येतात त्यांची तयारी आमच्याकडे होते, आणि तुमचा शो ज्या घरांत दिसतो तिथली वर्गणीही आम्हीच गोळा करतो.

फॉरमॅट पारखायला सोलापूर बरे गाव आहे. पूर्व भागात घरात तेलुगू आणि बाजारात मराठी, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, हिंदी सगळीकडेच. नेदरलँड्समध्ये १९९९ साली आलेला 'बिग ब्रदर' हिंदीत २००६ मध्ये 'बिग बॉस' झाला, कन्नडमध्ये २०१३, तेलुगूत २०१७ आणि मराठीत २०१८ साली पोहोचला. म्हणजे मराठी पर्व सुरू झाले तेव्हा इथल्या कित्येक घरांना कोणत्या आठवड्यात कोण रुसणार आणि वीकेंडला कोण बोलणी खाणार, हे तोंडपाठ होते. या प्रेक्षकाला ट्विस्ट दाखवून चकित करता येत नाही.

बदल कसा करावा याची चांगली उदाहरणे तुमच्याच धंद्यात आहेत. 'कौन बनेगा करोडपती' २००० साली आले, तेव्हापासून एक प्रश्न, चार पर्याय आणि एक खुर्ची हा गाभा तोच आहे. भोवतालच्या गोष्टी मात्र कारण पडेल तशा बदलल्या. २०२० मध्ये सभागृहात प्रेक्षक बसवता येईनात, तेव्हा ऑडियन्स पोल बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी मित्राला व्हिडिओ कॉल आला. २०१९ मध्ये मराठीत हा खेळ आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी चालवला, तेव्हा खेळ तोच राहिला, बोलण्याचा बाज बदलला. 'होम मिनिस्टर' २००४ पासून वीस वर्षे चालला. त्यात एलिमिनेशन नव्हते, रोज नवे घर होते, आणि ते पुरत होते. २०२२ मध्ये तिथेच ११ लाखांच्या पैठणीचे 'महामिनिस्टर' झाले, तो बदल आम्हाला आकड्याचा वाटला, शोचा नाही. 'बिग बॉस मराठी'चे पाचवे पर्व २०२४ मध्ये शंभरऐवजी सत्तर दिवसांत आटोपले. सत्तर दिवसांवर यायला इतकी वर्षे का लागली, एवढाच आमचा प्रश्न.

आता रेटिंगबद्दल. दर गुरुवारी आकडे येतात आणि शुक्रवारी सेटवर फोन जातो. टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेची मीटर देशभरात पन्नास हजारांहून अधिक घरांत आहेत. वाहिनीच्या आवाजात मिसळलेला, कानाला न कळणारा वॉटरमार्क मीटर पकडते, आणि समोर कोण बसले आहे हे घरातल्यांनी आपापले बटण दाबून सांगायचे असते. बसलेला माणूस गाणे ऐकत होता, भाजी निवडत होता की वैतागून पाहत होता, हे मीटरला कळत नाही. शिवाय नमुन्याचे गणित आहे. एखाद्या वयोगटातले ४०० लोक नमुन्यात आहेत आणि त्यातले १० टक्के तुमचा शो पाहतात असे धरा. साध्या हिशेबाने खरा आकडा ७ पासून १३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे १० चे ९ झाले तर बहुतेक वेळा काहीच घडलेले नसते. त्या एका टक्क्यापायी सोमवारच्या भागात दोन स्पर्धकांचे भांडण लावले जाते. भांडणाच्या मिनिटाला आलेख उसळतोही, पण पुढच्या आठवड्यात तीच घरे परत आली का, हे कुणी पाहत नाही. एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांची सरासरी पाहा. किती जणांनी डोकावले यापेक्षा किती जण किती वेळ थांबले आणि पुन्हा आले, यावर निर्णय घ्या.

ऑडिशनचे गणित तर मुळातच चुकलेले आहे. एका टेबलाला आठ तासांत ४८० मिनिटे मिळतात. दीड मिनिट गाणे आणि आत-बाहेर होण्यात अर्धा मिनिट धरला तर २४० मुले होतात, तीन टेबलांवर ७२०. त्यातून जेवण, फॉर्म, फोटो, गेलेली वीज वजा करा, म्हणजे पाचशेच्या वर नीट ऐकणे होत नाही. रांगेत हजार मुले असली की दुपारनंतर 'दोन ओळी म्हणा' सुरू होते आणि चारनंतर आलेल्या मुलाला मुखडाही पुरा करता येत नाही. परीक्षकाचा कान तोवर थकलेला असतो. सकाळी दहाला नापास झालेला आवाज पाचला पास होतो आणि उलटेही होते.

त्यात पट्टीची, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला 'सा' धरायचा याची, अडचण. मुलीचा आवाज पांढरी चारला खुलतो आणि मोबाइलवरचा कराओके ट्रॅक काळी चारमध्ये असतो. हा तीन अर्ध्या स्वरांचा फरक आहे. अ‍ॅपने ट्रॅक एक-दोन अर्ध्या स्वरांनी हलवला तर चालून जातो, त्यापुढे वाद्यांचा आवाज चिरका किंवा भरडा होतो आणि मुलीला आधारच मिळत नाही. ती वरच्या पट्टीत ओढून गाते, तार सप्तकात आवाज फाटतो आणि तुमच्या कागदावर 'रेंज कमी' असा शेरा पडतो. रेंज तिची कमी नव्हती, ट्रॅक चुकीच्या पट्टीचा होता.

यावर आमचा प्रस्ताव असा. पहिली फेरी व्हिडिओवर घ्या, पण 'व्हिडिओ पाठवा' एवढे सांगून सोडू नका, तो कसा काढायचा तेही सांगा. फक्त तानपुऱ्याच्या सुरावर एक मिनिट, एका दमात, चेहरा दिसेल असा. फोन तीन फुटांवर, पंखा बंद, हेडफोन नको, घुमारा देणारे अ‍ॅप नको. फोनमधली आवाज साफ करणारी सोय बंद करायला सांगा. लांब धरलेला स्वर म्हणजे खोलीतली घरघर, असे समजून ती आलापच खाऊन टाकते. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका, तिथे ती दाबली जाते. फॉर्मच्या पानावर थेट चढवायची सोय ठेवा. प्रत्येक फाइल दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता ऐकावी, दहापैकी गुणांत तीनपेक्षा जास्त अंतर पडले तर तिसऱ्याने ऐकावी. त्यातून एका टेबलाला दिवसाला १२० जणांना वेळ देऊन बोलवा, प्रत्येकी चार मिनिटे. तेच ४८० मिनिटांचे टेबल, पण आता प्रत्येकाचे गाणे ऐकून होते. खोलीत एक हार्मोनियम आणि दोन तबले ठेवा, एक काळी एकचा आणि एक काळी चारचा. एकच तबला सगळ्यांसाठी खाली-वर ठोकत बसलात तर तो धड कुठेच लागत नाही. आणि गुण त्याच संध्याकाळी मुलाला कळवा. 'आम्ही फोन करू' हे वाक्य ऐकून घरी गेलेली मुले वर्षभर फोनकडे बघत बसतात.

आता आवाजाबद्दल. हे जरा विस्ताराने लिहितो, कारण प्रेक्षकाची आवड सगळ्यात जास्त इथे बदलली आहे आणि तुम्ही सगळ्यात कमी इथे बदलला आहात.

सेटवर गायकाच्या माइकचा सिग्नल तीन ठिकाणी जातो : सभागृहातल्या स्पीकरला, गायकाच्या कानातल्या मॉनिटरला आणि रेकॉर्डिंगला. रेकॉर्ड झालेला आवाज मग पोस्टमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतरच्या कामात, बसतो आणि तिथे पिच करेक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरने सुराची दुरुस्ती, होते. सॉफ्टवेअर काय करते, तर सप्तकाचे बारा समान भाग धरून जवळच्या भागावर स्वर ओढून नेते. सरळ उभ्या स्वरांच्या गाण्यात हे खपते. आपल्या गाण्यात खपत नाही. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे. सॉफ्टवेअर त्या घसरणीच्या पायऱ्या पाडते. तोडीचा गंधार पेटीतल्या कोमल गंधारापेक्षाही खाली असतो, तो ओढून पेटीवर आणला की राग ओळखू येत नाही. लावणीत खटका घेताना स्वर जाणूनबुजून किंचित चढा लावतात आणि लगेच सोडतात. तो 'दुरुस्त' केला की ठसका जातो आणि नुसता शब्द उरतो. स्वर ओढण्याचा वेग दहा-वीस मिलिसेकंदांवर ठेवला तर आवाज यंत्रासारखा होतो, हे तर आता शाळेतल्या पोरालाही कळते.

पूर्वी हे चालून गेले, कारण लोकांकडे तुलना करायला दुसरे काही नव्हते. आज स्पर्धकाने गावच्या जत्रेत गायलेला व्हिडिओ फोनवर असतो आणि शोमधला त्याच गाण्याचा तुकडाही. दोन्ही लागोपाठ ऐकले की फरक कळतो. लोकांना कच्चा आवाज आवडू लागला आहे. किंचित हललेला स्वर, मध्येच घेतलेला श्वास, चुकून पुन्हा समेवर येणे हे त्यांना खरे वाटते. तुम्ही नेमके तेच पुसून टाकता आणि खरेपणा आणायला रडण्याचे शॉट घालता.

स्पर्धेच्या गाण्यात आपोआप चालणारे करेक्शन बंद करा. दुरुस्ती करायचीच तर हाताने, गाण्यातल्या दोन-तीन जागांपुरती, ओढण्याचा वेग पन्नास मिलिसेकंदांच्या खाली न नेता. आणि ती केली असेल तर पडद्यावर 'आवाजावर प्रक्रिया केली आहे' अशी पट्टी द्या. सूर चुकायचे निम्मे कारण तर कानातच असते. खेड्यातून आलेल्या मुलाने इन-इअर मॉनिटर कधी घातलेला नसतो. त्याला कानात फक्त तालाची टिकटिक (क्लिक) आणि स्वतःचा कोरडा आवाज ऐकू येतो, तो बावरतो, एक कान काढून टाकतो आणि बँडच्या आवाजात सूर सोडतो. आदल्या दिवशी वीस मिनिटे फक्त इन-इअरची तालीम द्या. कानात थोडा घुमारा आणि सभागृहाचा एक माइक मिसळा. पोस्टमधले अर्धे काम तिथेच वाचेल.

सोलापूरकडची पथके घ्यायची असतील तर हलगीचे वेगळे बघावे लागते. हलगीचे कातडे जाळावर शेकून ताणतात, त्याशिवाय ती बोलत नाही. मुंबईची दमट हवा आणि स्टुडिओचा गारठा यांत दहा-पंधरा मिनिटांत हलगी उतरते. सेटवर आग पेटवायला परवानगी नसते, ती मागूही नये. हजार वॉटचा हॅलोजन दिवा बाजूला लावून ठेवा, दोन फुटांवर धरून पाच-सात मिनिटे शेकू द्या. फार जवळ नेली तर कातडे तडकते. टेक लांबला तर वाजवणाऱ्याला पुन्हा शेकायला वेळ द्या, त्याला 'नखरे करतो' म्हणू नका. हलगीला कॉलरचा माइक लावला की प्रत्येक ठोक्याला आवाज फाटतो. साधा डायनॅमिक माइक तीन फुटांवर, जरा तिरका लावा आणि त्यावर नॉइज गेट, म्हणजे बारीक आवाज कापून टाकणारी सोय, ठेवू नका. गेट ठेवला की जाड काडीचे ठोके राहतात आणि बारीक काडीची भरणी गायब होते, सगळी गंमत त्या भरणीत असते. लेझीमवाल्यांना आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर नाचवू नका. तीस पोरांचा पाय हलगीवाल्याच्या हाताकडे बघून पडतो. ट्रॅक थकत नाही आणि थांबतही नाही, त्यामुळे तिसऱ्या चालीला अर्धी रांग मागे पडते. मग परीक्षक 'सिंक कमी वाटला' असे म्हणतात.

अकलूजच्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेत पेटी, ढोलकी आणि नाचणारी बाई एकमेकांकडे बघत अख्खी लावणी उभी करतात आणि समोरचे लोक ती पुरी ऐकतात. टीव्हीवर तिचे दोन मिनिटांचे मेडले होते. वेळ नसतो, हे तुमचे उत्तर. तर हिशेब करू. केबलच्या नियमांनुसार तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती आणि स्वतःचे प्रोमो दाखवता येत नाहीत, म्हणजे कार्यक्रमाला ४८ मिनिटे उरतात. सहा स्पर्धक, प्रत्येकाचे साडेतीन मिनिटांचे पूर्ण गाणे, झाली २१ मिनिटे. परीक्षकांचे बोलणे प्रत्येक गाण्यामागे दीड मिनिट, झाली नऊ. प्रत्येकाची ओळख पाऊण मिनिटात, म्हणजे साडेचार. तरी साडेतेरा मिनिटे सूत्रसंचालकाला, गमतीला आणि निकालाला राहतात. गाणे कापावे लागते ते वेळेमुळे नाही, नव्या सिनेमाच्या प्रमोशनला आलेल्या पाहुण्यांमुळे. 'लिटिल चॅम्प्स'च्या २००८-०९ च्या पर्वातल्या कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि रोहित राऊत या पाचही जणांना २०२१ मध्ये परीक्षक म्हणून बसवता आले, कारण लोकांना त्यांची गाणी आठवत होती.

एव्हीबद्दल, म्हणजे स्पर्धकाची ओळख करून देणाऱ्या छोट्या फिल्मबद्दल, थोडेच सांगतो. सोलापूरचा स्पर्धक म्हटला की यंत्रमाग, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वर तलावावरचा ड्रोन शॉट. बाप बँकेत कारकून असला तरी त्याला मागासमोर उभे करायचे, आईला 'तेच पुन्हा एकदा सांगा' म्हणून दुसऱ्यांदा डोळे पुसायला लावायचे. सूत्रसंचालकाने मग 'एकदा सोलापुरी बोलून दाखव ना' म्हणायचे, पोराने 'काय करलालाव' म्हणायचे आणि सगळ्यांनी हसायचे. पाचव्या पर्वात बारामतीकडचा सूरज चव्हाण 'बिग बॉस मराठी' जिंकला तो आपल्याच बोलीत बोलून. बोलीला लोकांनी कौल दिला, हे अजून तुमच्या एव्हीपर्यंत पोहोचलेले दिसत नाही. त्या पाऊण मिनिटात मुलाने या आठवड्यात गाण्यातली कोणती जागा कशी बसवली, एवढे दाखवा. सोमवारी चुकत होती, गुरुवारी बसली, ही त्याची खरी गोष्ट आहे आणि ती दर आठवड्याला नवी असते.

मतदान. एका माणसाला दिवसाला पन्नास मते देता आली की स्पर्धा गळ्याची राहत नाही, मनगटाची होते. गावात फ्लेक्स लागतात, मंडळे पोरांना फोन घेऊन बसवतात आणि ज्याच्या मागे पुढारी नाही तो घरी जातो. एका मोबाइल क्रमांकाला एका भागात एकच मत ठेवा. तेवढ्यानेही भागत नाही, कारण मुंबई-पुण्याची संख्या बाकीच्यांवर बसते. महाराष्ट्राचे सहा महसूल विभाग आणि महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक असे सात गट करा. प्रत्येक गटात कुणाला किती टक्के मते पडली ते काढा आणि सात टक्केवारींची सरासरी घ्या. ज्या गटात हजारापेक्षा कमी मते आली तो गट त्या आठवड्यापुरता धरू नका, नाहीतर शंभर फोनवाला एखादा गट निकाल फिरवेल. परीक्षकांचे गुण ५० टक्के, सभागृहातल्या प्रेक्षकांचे २०, जनतेचे ३०, असे काहीही ठरवा, पण पहिल्या भागात ते सांगा आणि नवव्या आठवड्यात बदलू नका. निकालाची टक्केवारी पडद्यावर द्या. आणखी एक : भाग दहा-पंधरा दिवस आधी चित्रित होत असेल तर 'आत्ता व्होट करा आणि वाचवा' म्हणणे खोटे आहे. तेव्हा मते साठवत जा आणि दर तीन भागांनी एकदा बाद फेरी घ्या.

त्यातूनच लांबीचा मुद्दा येतो. सव्वीस आठवडे चालणाऱ्या गाण्याच्या शोमध्ये बाराव्या आठवड्यापर्यंत कोण कुठे आहे ते सगळ्यांना कळलेले असते. उरलेले भाग रेट्रो स्पेशल, पावसाळा स्पेशल, आई स्पेशल करत भरतात. आठ-दहा आठवडे पुरे. सेटचा खर्च कमी भागांत वसूल होत नाही, ही तुमची अडचण रास्त आहे. मग एकाच सेटवर दोन पर्वे लागोपाठ घ्या, एक गाण्याचे आणि एक लोककलेचे. प्रकाशयोजना आणि मागचे पडदे बदलले की काम होते.

ज्या गोष्टी आवडीनिवडीप्रमाणे बदलायच्या नाहीत त्या लहान मुलांच्या. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांपलीकडे काम नाही, शाळा सुटता कामा नये, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा, मिळकतीतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावावर मुदतठेवीत गेले पाहिजेत. चित्रीकरण जिथे आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. म्हणजे कागद मुंबईत होतो आणि सोलापूरच्या आईबापाला तो कधी दिसत नाही. त्याची प्रत त्यांना द्या. नाचाच्या शोमध्ये मुलांकडून वयाला न शोभणारे हावभाव करून घेऊ नका, असे माहिती-प्रसारण मंत्रालयाने जून २०१९ मध्ये वाहिन्यांना कळवले होते. तरी कोरिओग्राफर मोठ्यांचीच गाणी आणतात, कारण हक्क घेतलेल्या गाण्यांच्या यादीत मुलांची गाणी नसतात. ती यादी आधी वाढवा.

बक्षिसाचेही नीट सांगा. २५ लाख जिंकले की ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ७ लाख ८० हजार करात जातात आणि हातात १७ लाख २० हजार उरतात. गाडी मिळाली तर किल्ली द्यायच्या आधी तिच्यावरचा कर भरलेला असावा लागतो, तो कुणी भरायचा हे करारात लिहा. तो करार मराठीत आणि सही करायच्या आठवडाभर आधी द्या. शो संपल्यावर किती महिने बाहेर गायचे नाही, हेही त्यात ठळक असू द्या. जत्रांचा हंगाम बुडाला तर आमच्याकडच्या गायकाचे वर्ष बुडते.

सोलापुरात ऑडिशन ठेवणार असाल तर तारीख बघून ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, लॉज मिळत नाही आणि गावात आवाज टिपता येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, उन्हात रांगेत उभ्या राहिलेल्या मुलाचा घसा बसतो आणि पेटीचे सूर हलतात. आषाढीला एसटी पंढरपूरकडे वळते, तेव्हा बार्शी-मंगळवेढ्याची मुले येऊ शकत नाहीत. गणपतीआधी महिनाभर लेझीम आणि ढोलाच्या तालमी चालतात. नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य ही बरी वेळ आहे. हुतात्मा स्मृती मंदिर किंवा फडकुले सभागृह घ्या, पण ऑडिशन रंगमंचावर नको. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो आणि चुका झाकल्या जातात. मागची तालमीची खोली घ्या, भिंतींना सोलापुरी चादरी लावा. जाड, खरखरीत आणि स्वस्त, याहून चांगला आवाज शोषणारा पडदा भाड्याने मिळत नाही. मुलांना मुंबईत बोलवायचे असेल तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने उतरवून थेट माइकसमोर उभे करू नका. रात्रभर बसून आलेला आवाज सकाळी दहाला लागत नाही, वेळ दुपारी तीनची द्या.

ऑडिशनची तारीख जाहीर कराल तेव्हाच गुण देण्याची पद्धत, आवाजावरच्या प्रक्रियेचा नियम, मतांची वाटणी आणि कराराचा मसुदा हे चार कागद तुमच्या संकेतस्थळावर टाका, एवढी विनंती आहे. इथली खोली, पेटी-तबला, वादक, चादरी, दिवे, जनरेटर यांची जुळवाजुळव आम्ही करू. वादकांचे मानधन मात्र त्याच संध्याकाळी द्या, नव्वद दिवसांनी नको.

कळावे,

आपले,
सोलापुरातील काही साउंडवाले, वादक, गायन-नृत्य शिक्षक आणि केबलचालक